पाच प्रश्नांवर किती भरवसा ठेवायचा?

तुमची अडचण मला समजली ती अशी. हर्णै बंदराच्या आसपासच्या वाड्यांत मच्छीमार घरांतल्या १८० बायकांसाठी तुम्ही आरोग्यगटांचं काम सुरू करता आहात. त्या कामाने काही फरक पडतो का हे बघायला डब्ल्यूएचओ-५ ही जागतिक आरोग्य संघटनेची, मनाच्या स्वास्थ्याबद्दलची पाच प्रश्नांची प्रश्नावली मे महिन्यात एकदा आणि ऑक्टोबरात एकदा भरून घ्यायची आहे. तालीम म्हणून २० जणींना दहा दिवसांच्या अंतराने दोनदा विचारलंत. मध्ये काही विशेष घडलेलं नसताना एकीचे गुण २० ने चढले, दुसरीचे १६ ने उतरले. आता तुम्हाला प्रश्न पडलाय की एवढीशी प्रश्नावली विश्वासाची आहे का, की तिच्याऐवजी तीस-पस्तीस प्रश्नांची मोठी घ्यावी.

प्रश्नावली बदलू नका. १८० जणींच्या गटाबद्दल बोलायला पाच प्रश्न पुरतात. एकट्या बाईबद्दल निकाल द्यायला ते पुरत नाहीत, आणि मोठी प्रश्नावली घेतलीत तरी ही अडचण तुम्हाला वाटते तेवढी कमी होणार नाही. तुमच्या आराखड्यातला खरा धोका प्रश्नांच्या संख्येत नाही. तो ‘मे’ आणि ‘ऑक्टोबर’ या दोन शब्दांत आहे, आणि प्रश्न कोण, कुठे बसून, कुठल्या शब्दांत विचारणार यात आहे. गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाड्यांमध्ये मी २४ वर्षं असे कागद भरून घेते आहे, दुसऱ्यांना भरून घ्यायला शिकवते आहे. म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

आधी गुणांचा हिशेब. डब्ल्यूएचओ-५ १९९८ पासून वापरात आहे आणि तिच्यात मागच्या दोन आठवड्यांबद्दलची पाच वाक्यं आहेत: मन आनंदी होतं, शांत-निवांत वाटत होतं, अंगात उत्साह होता, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटत होतं, रोजच्या जगण्यात मन रमेल अशा गोष्टी होत्या. प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरीज २५ पर्यंत, आणि तिला ४ ने गुणून १०० पैकी आकडा. म्हणजे एका वाक्यात बाई एक पायरी सरकली की ४ गुण हलतात. पाचही वाक्यांत एकेक पायरी वर गेली तर २० गुण. त्या पायऱ्या कोणत्या? ‘बहुतेक वेळ’ आणि ‘अर्ध्याहून जास्त वेळ’. या दोघांमधली रेघ कुठे आहे, हे मला स्वतःला विचारलं तरी सांगता येणार नाही. मग लिलाव आटोपून, मासळी निवडून, घरी येऊन पाणी भरणारी बाई दोन वेळा बरोबर त्याच पायरीवर बोट ठेवेल ही अपेक्षाच चुकीची. तुमच्या त्या २० गुणांच्या उडीत बाईने आपलं म्हणणं बदललेलं नाही. तिने प्रत्येक प्रश्नात एक पाऊल इकडचं तिकडे टाकलं, इतकंच.

हीच गोष्ट आकड्यांत. समजा तुमच्या १८० जणींच्या गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, २० आहे आणि थोड्या दिवसांनी पुन्हा विचारल्यावर दोन वेळच्या गुणांतला सहसंबंध, म्हणजे ते एकमेकांशी किती जुळतात तो आकडा, ०.८ येतो (पूर्ण जुळले तर १). ०.८ हा चांगला आकडा मानतात. मोजमापातली प्रमाण त्रुटी, म्हणजे एका वेळच्या गुणांत साधारण किती चूक असते ती, काढायची तर १ मधून ०.८ वजा करायचे, उरलेल्याचं वर्गमूळ घ्यायचं आणि त्याला २० ने गुणायचं. उत्तर साधारण ९ येतं. दोन वेळा मोजलं तर दोन्ही वेळची चूक एकत्र येते, म्हणून एकाच बाईच्या दोन आकड्यांत, तिच्या आयुष्यात काहीही न बदलता, २५ गुणांपर्यंत फरक दिसू शकतो. तुमचे २० आणि १६ या हिशेबात सहज बसतात. या प्रश्नावलीबाबत १० गुणांचा बदल अर्थपूर्ण मानायची प्रथा आहे. पण एकट्या बाईच्या कागदावर १० गुण म्हणजे अडीच पायऱ्या. तेवढ्यावर ‘हिला फरक पडला’ असं मी कधीही लिहिणार नाही.

आता गटाकडे या. तीच ९ गुणांची त्रुटी १८० जणींच्या सरासरीत १८० च्या वर्गमुळाने भागली जाते आणि पाऊण गुणाच्याही खाली येते. आंब्याच्या हंगामात कलमाखाली बसून हाताच्या अंदाजाने फळांची प्रतवारी करणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. एखादं फळ त्या चुकतात, चार डझनाच्या पेटीतलं पाच डझनाच्या पेटीत जातं. पण शंभर पेट्यांचा हिशेब केला तर तो फार हलत नाही, कारण काही चुका वर असतात, काही खाली. मात्र समजा त्या बाईच्या मनात पहिल्यापासूनच मोठं फळ म्हणजे काय याचा अंदाज चुकीचा बसलेला असेल, तर शंभरच्या शंभर पेट्या चुकतात. शंभरच्या हजार केल्यात तरी त्या चुकलेल्याच राहतात. या दोन जातींच्या चुका मनात वेगळ्या ठेवा. पहिलीला संख्या हे औषध आहे. दुसरीला संख्येचं औषध लागू पडत नाही, आणि आपल्या कामात घात होतो तो दुसरीने.

प्रश्न वाढवले तर काय होतं याचं सूत्र १९१० सालापासून उपलब्ध आहे. स्पिअरमन आणि ब्राऊन या दोघांनी ते एकाच वर्षी स्वतंत्रपणे मांडलं. एका प्रश्नाची विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा मोजल्यावर तसंच उत्तर येण्याचा भरवसा, ०.५ धरली, तर तसलेच दोन प्रश्न मिळून ०.६७, पाच मिळून ०.८३, दहा मिळून ०.९१ आणि वीस मिळून ०.९५. पहिल्या पाचांत जी कमाई होते तिच्या मानाने पुढच्या पंधरांची कमाई फार थोडी. आणि हे कागदावरचं गणित असं धरून चालतं की विसावा प्रश्नही बाई पहिल्याइतक्याच लक्षाने ऐकते. तसं होत नाही. बाराव्या-तेराव्या प्रश्नानंतर ‘हो, हो’ सुरू होतं, नजर चुलीकडे जाते, आणि शेवटचे दहा प्रश्न आपण नुसते टिकमार्क करून घेतो. लांब प्रश्नावलीच्या शेवटच्या पानाबद्दल मला कायमच शंका असते.

इथेच क्रॉनबाक अल्फा या विश्वसनीयतेच्या आकड्याबद्दल सांगायला हवं, कारण तुमच्या अहवालात तो आकडा कुणीतरी मागणारच. १९५१ पासून तो सगळीकडे छापला जातो. एकाच वेळी विचारलेले प्रश्न एकमेकांशी किती जुळून उत्तरं देतात, एवढंच तो सांगतो. ‘तुम्ही खूश होता का’, ‘तुम्ही आनंदात होता का’, ‘तुमचं मन प्रसन्न होतं का’ असं एकच तीनदा विचारलं तरी अल्फा छान येईल. कंटाळलेल्या बाईने सगळीकडे ‘४’ सांगितलं तर त्यानेही अल्फा वाढतो. दहा दिवसांनी तीच बाई काय सांगेल, याबद्दल अल्फा एक शब्दही बोलत नाही. तुम्ही केलेली दोनदा विचारायची तालीम त्याच्यापेक्षा कितीतरी मोलाची आहे, ती सोडू नका.

आता मे आणि ऑक्टोबर. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. मे म्हणजे बंदीच्या आधीची शेवटची धावपळ. सुकं मासं वाळवायचं, आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी भरायची, लाकूडफाटा घरात घ्यायचा, शाकारणी किंवा पत्रे बघायचे, वाडीत पाणी कमी झालेलं, उकाड्याने झोप नाही. त्यातच मुंबईहून चाकरमानी मुलाबाळांसकट आलेले. घर भरलेलं असल्याचा आनंद आणि त्याच घराचं दुप्पट काम, दोन्ही एकदम. ऑक्टोबरात होड्या दोन-अडीच महिने समुद्रात आहेत, हातात पैसा आहे, गणपती होऊन गेलेत. ‘सकाळी ताजंतवानं वाटलं का’ या एका वाक्याचं उत्तर या दोन महिन्यांत वेगळं येणारच, तुमचा आरोग्यगट असो वा नसो.

हे मी चूक करून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी सिंधुदुर्गात आम्ही एका कामाची पहिली फेरी ऐन जुलैच्या पावसात घेतली आणि दुसरी भात झोडून झाल्यावर, नोव्हेंबरात. गुण छान चढले. गावात बैठक घेऊन आम्ही ते सांगितलंही. मग एका सहकाऱ्याने शेजारच्या वाड्यांतले, जिथे आम्ही काहीच केलं नव्हतं तिथले कागद काढले. तिथेही गुण जवळजवळ तेवढेच चढले होते. पाऊस थांबला होता, भात घरात आलं होतं, आणि त्या आनंदाचं श्रेय आम्ही स्वतःकडे घेतलं होतं. पुन्हा बैठक बोलावून ते परत घ्यावं लागलं. म्हणून सांगते: एकतर मे ते पुढचा मे असं मोजा, किंवा निम्म्या वाड्यांत काम आत्ता आणि निम्म्यांत ऑक्टोबरनंतर सुरू करा आणि दोन्हीकडे एकाच आठवड्यात विचारा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण शेवटी सगळ्याच वाड्यांना काम मिळतं.

कोण विचारतं, कुठे विचारतं, हे पुढचं. एका घरी सून पडवीत बसून पाचही वाक्यांना ‘सगळा बरा आसा’ म्हणाली. सासू दोन हातांवर बसून सुंगटं (कोळंबी) सोलत होती. दोन दिवसांनी तीच सून वाळवणाच्या ओट्यांवर एकटी भेटली आणि त्याच वाक्यांना तिने जी उत्तरं दिली त्यांची बेरीज पहिल्याच्या निम्मीही नव्हती. आकडेशास्त्र याला विश्वसनीयता कमी असं म्हणेल. मी म्हणेन की तिला दोन वेगळे प्रश्न विचारले गेले. पहिला होता, ‘या घरात तू सुखी आहेस हे सासूसमोर सांग’. तो कागदावर लिहिलेला नव्हता, पण तिने त्याचंच उत्तर दिलं. तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या फेरीत जागा सारखी ठेवा, शक्यतो घराबाहेरची, आणि विचारणारी सारखी ठेवा. आशाताई गावातलीच असते. तिच्याशी बायका मोकळ्या बोलतात हे खरं, पण तिच्या नणंदेचं घर पलीकडच्या आळीत असेल तर तितक्याच सावधही असतात. वाडीबाहेरची, पण किनाऱ्यावरचीच बोली बोलणारी मुलगी मला या कामाला सगळ्यांत योग्य वाटते.

शब्दांबद्दल तर मी तासभर बोलू शकेन. ‘उदास’ हा शब्द पुस्तकातला. आपल्याकडे बाई म्हणते ‘मन लागत नाही’, ‘जिवाला बरं नाही’, ‘कसंतरीच होतं’, ‘हातपाय गळून जातात’. ‘कंटाळा आलाय’ याचा अर्थ कधी थकवा, कधी वैताग आणि कधी जगण्याचाच कंटाळा, आणि तो फक्त आवाजावरून कळतो. ‘आजारी’ म्हटलं की अंथरुणाला खिळलेलं माणूस डोळ्यांसमोर येतं, म्हणून ताप अंगावर काढून बाजारात बसलेली बाई ‘आजारी होतीस का’ला नाही म्हणते आणि ‘बरं नव्हतं का’ला हो म्हणते. सुरुवातीला दहा जणींना प्रत्येक वाक्य ऐकवून विचारा, ‘मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा बघू’. जिथे दहापैकी तिघी-चौघी भलतंच सांगतात, ते वाक्य तुमच्या वाड्यांत मोजपट्टी म्हणून चालत नाही. डब्ल्यूएचओ-५ मधलं शेवटचं वाक्य, मन रमेल अशा गोष्टींचं, हमखास अडतं. तिथे एक उदाहरण ठरवून घ्या आणि सगळ्यांना तेच द्या. एकीला भजनाचं आणि दुसरीला टीव्हीवरच्या मालिकेचं असं नको.

० ते १० ची शिडी दाखवून ‘तुमची तब्येत कुठल्या पायरीवर’ असं विचारणारेही पुष्कळ आहेत. तिथे बहुतेक बोटं ५ वर नाहीतर थेट १० वर पडतात. साठीच्या पुढच्या माणसांना मी अजूनही आण्यांत विचारते. ‘सोळा आण्यांपैकी किती?’ म्हटलं की ‘बारा आणे’, ‘दहा-अकरा आणे’ अशी चटकन आणि नेमकी उत्तरं येतात. पिकाची आणेवारी ऐकत मोठी झालेली माणसं आहेत ती. पण तुमच्या पाच प्रश्नांचे पर्याय असे बदलू नका. बदललेत तर इतर ठिकाणच्या आकड्यांशी तुलना संपते.

एक मोठी शंका राहते, आणि ती विश्वसनीयतेच्या पलीकडची आहे. दहा वेळा विचारून दहाही वेळा तेच उत्तर आलं, तरी ते खरं असेलच असं नाही. अमर्त्य सेन यांनी हे फार ठळकपणे दाखवलं आहे. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळानंतर, १९४४ साली, कलकत्त्याजवळच्या सिंगूरमध्ये विधुर आणि विधवांना त्यांच्या तब्येतीबद्दल विचारलं गेलं. विधुरांपैकी ४८.५ टक्के म्हणाले की आपण आजारी आहोत किंवा तब्येत यथातथाच आहे. विधवांपैकी फक्त २.५ टक्के. त्या काळच्या विधवेची अवस्था आठवा आणि हे आकडे पुन्हा वाचा. केरळ आणि बिहारबद्दलही त्यांनी हेच दाखवलं. जिथे आयुर्मान जास्त, शिक्षण आणि दवाखाने जास्त, तिथले लोक आजार जास्त सांगतात, कारण तो आजार आहे हे त्यांना माहीत असतं. मग तुमच्या आरोग्यगटांनी बायकांना पांढऱ्या पाण्याबद्दल, रक्तक्षयाबद्दल, रक्तदाबाबद्दल शिकवलं आणि ऑक्टोबरात त्यांनी तब्येत पूर्वीपेक्षा वाईट सांगितली, तर? तो कामाचा पराभव नसेल. पण पाच प्रश्नांना ते ओळखता येत नाही. म्हणून सोबत एखादी गोष्ट अशी मोजा जी मतावर अवलंबून नाही: हिमोग्लोबिन, रक्तदाब, दवाखान्यात जाऊन आल्याची नोंद.

मोजपट्टी माणसाच्या आतच सरकते, हेही मी पाहिलं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. वर्षभराने एका म्हाताऱ्या बागायतदाराशी बोलत होते. अर्ध्याहून जास्त बाग गेलेली, गुडघे दुखतायत, तरी त्यांनी स्वतःला वरची पायरी दिली. कारण विचारलं तर म्हणाले, डोक्यावर छप्पर आलं, आता कसली तक्रार. पोफळ पुन्हा धरायला वर्षं लागतात, पण त्यांनी तुलना केली ती वादळाच्या रात्रीशी. हे उत्तर खोटं नव्हतंच. मात्र वादळाआधीच्या उत्तरातून ते वजा करता येत नाही, कारण ‘बरं’ या शब्दाचा त्यांच्यापुरता अर्थच बदललेला होता.

यावर एक उपाय म्हणजे कल्पित माणसाची छोटी हकीकत. ‘एका बाईला चालताना दम लागतो, पण घरातलं सगळं काम ती करते. तिची तब्येत कशी म्हणाल?’ सगळ्यांना हीच हकीकत ऐकवली की कोणाची मोजपट्टी किती कडक आहे ते कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सेज’ या प्रौढांच्या पाहणीत ही पद्धत वापरली गेली आणि त्या पाहणीत महाराष्ट्रही होता. वेळ मात्र लागतो. तुमच्या १८० जणींसाठी दोन हकीकती पुरेत, त्याहून जास्त नकोत.

एवढं सगळं वाचून असं वाटेल की स्वतःच्या तोंडचं सांगणं बिनकामाचं आहे. तसं अजिबात नाही, आणि हे मी मनापासून सांगते. ‘एकूण तुमची तब्येत कशी आहे?’ या एकाच प्रश्नाचं उत्तर पुढच्या काही वर्षांतल्या मृत्यूचा अंदाज देतं, आणि तेही वय, आधीचे आजार, तपासण्या हे सगळं हिशेबात घेतल्यावर. १९९७ साली आयडलर आणि बेन्यामिनी या संशोधकांनी अशा २७ अभ्यासांचा आढावा घेतला, तर जवळजवळ सगळ्यांत हेच दिसलं. रक्ताच्या तपासणीत न येणारं काहीतरी माणसाला स्वतःबद्दल माहीत असतं. ते ऐकून घ्यायला एक प्रश्न पुरतो. फक्त त्या एका उत्तरावर फार मोठं घर बांधू नये.

तुमच्या आराखड्यात आणखी एक सापळा आहे. तुम्ही लिहिलंय की पहिल्या फेरीत सगळ्यांत कमी गुण आलेल्या ४० जणींवर जास्त लक्ष द्यायचं आणि त्यांची प्रगती वेगळी दाखवायची. लक्ष जरूर द्या. पण प्रगती अशी दाखवू नका. समजा सगळ्यांची सरासरी ६० आणि या चाळिसांची ३०. त्यांतल्या काहींचे गुण खरंच कमी आहेत, काहींचा तो दिवस वाईट होता. सहसंबंध ०.८ असेल तर काहीही न करता दुसऱ्या वेळी त्यांची सरासरी ३६ च्या आसपास येईल. सहसंबंध ०.६ असेल तर ४२. म्हणजे १२ गुणांची ‘प्रगती’ फुकटात, १० गुणांच्या त्या प्रसिद्ध रेघेच्याही वर. आईवडील फार उंच असले तर मुलं सरासरीकडे झुकतात हे गाल्टन या इंग्रज संशोधकाने १८८६ मध्ये दाखवलं, तेच हे. अहवालात पूर्ण १८० जणींचीच सरासरी द्या, आणि शेजारी काम सुरू न झालेल्या वाड्यांची.

दोनदा विचारायची तालीम नीट करायची तर २० जणी थोड्या कमी पडतात, ४०-५० घ्या. अंतर दहाऐवजी चार-पाच दिवसांचं ठेवा. प्रश्न मागच्या दोन आठवड्यांबद्दल आहे, दहा दिवसांनी तुम्ही बऱ्याच अंशी वेगळ्याच दिवसांबद्दल विचारत असता. फार जवळ विचारलं तर बाईला आधीचं उत्तर आठवतं, हेही खरं. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीच्या मूळ कामात ४८ तासांच्या आत फोनवर पुन्हा विचारलं होतं आणि सहसंबंध ०.८४ आला होता. आपल्याकडे मधे एखादा सण, लग्न किंवा भांडण येणार नाही असे चार दिवस सापडले तरी पुष्कळ. आणि नुसता सहसंबंध काढून थांबू नका. सगळ्यांचे गुण सरसकट ८ ने चढले तरी सहसंबंध उत्तम येतो. प्रत्येकीच्या दोन गुणांतला फरक लिहा, त्या फरकांची सरासरी बघा, ती शून्याच्या जवळ असायला हवी. मग ते फरक किती पसरलेत ते बघा. तो पसारा म्हणजे तुमच्या वाड्यांतली, तुमच्या मुलींनी विचारलेली, तुमची स्वतःची त्रुटी. परदेशातल्या लेखातून उचललेल्या कुठल्याही आकड्यापेक्षा ती खरी.

५० किंवा त्याहून कमी गुण आले तर नैराश्याची पुढची चौकशी करावी असं डब्ल्यूएचओ-५ सुचवते आणि तुम्ही त्यासाठी पीएचक्यू-९ वापरणार आहात. ठीक आहे. पण तिचे १० किंवा जास्त गुण म्हणजे नैराश्य असं लिहू नका. २००१ च्या मूळ अभ्यासात या रेघेवर दोन्ही बाजूंची अचूकता, म्हणजे नैराश्य असलेल्यांना ओळखण्याची आणि नसलेल्यांना वगळण्याची, ८८ टक्के होती. समजा १००० बायकांत ५० जणींना खरंच नैराश्य आहे. त्यांतल्या ४४ सापडतील. उरलेल्या ९५० पैकी १२ टक्के, म्हणजे ११४ जणीही रेघ ओलांडतील. कागदावर १५८ आणि खऱ्या ४४. शिवाय झोप, थकवा, भूक हे प्रश्न रक्तक्षय असलेल्या किंवा थायरॉइडचा त्रास असलेल्या बाईलाही गुण मिळवून देतात. या १५८ जणींशी बोलायला कुणीतरी जाणतं माणूस हवं, एवढाच त्या कागदाचा अर्थ.

आणि पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न, मरण यावं असं वाटतं का हा. त्याला ‘हो’ आल्यावर पुढच्या तासाभरात काय करायचं हे ठरलेलं नसेल तर तो प्रश्न विचारायचा नाही. त्या दिवशी कुणाला फोन करायचा, प्राथमिक आरोग्य केंद्रात कोण भेटेल, बाईसोबत घरी कोण थांबेल, हे नावानिशी लिहून विचारणाऱ्या मुलीच्या पिशवीत असायला हवं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, तो त्या कागदावर सगळ्यांत वर लिहा. त्या मुलीलाही संध्याकाळी कुणीतरी विचारायला हवं की आज काय काय ऐकून आलीस.

शेवटी फॉर्मच्या मांडणीबद्दल दोन गोष्टी. पाच प्रश्नांच्या खाली तीन ओळी कोऱ्या ठेवा आणि बाई जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. कुठल्या आकड्याला काय म्हणायचं हे तुम्हाला त्या ओळींवरूनच कळेल. आणि दुसऱ्या फेरीला जाताना पहिल्या फेरीचे कागद बरोबर नेऊ नका. जुने गुण डोळ्यांसमोर असले की ‘आता बरं वाटतं ना?’ असा सूर मुलींच्या आवाजात आपोआप येतो, आणि समोरची बाई तो लगेच ओळखते.